आतून लिहिलेलं अक्षर

जपानी मास्तर मला आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेल्यावर सगळेच त्याच्याबद्दल गोड बोलतात, मला ते जमत नाही. आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत त्यांच्याइतका सभ्य माणूस दुसरा नव्हता, हे कबूल. तरी ते दिसले की मी तोंड फिरवायची. का, ते कळायला पोलीस ॲक्शनचे पाच दिवस त्यांच्या घरात काढावे लागले.

परभणीकडून लग्न होऊन हैदराबादेत आले तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते. तोंडाची फटकळ, म्हणून आईनं येताना बजावलं होतं, "बाई, जिभेला टाका घालून जा." आमचे हे दफ्तरात उर्दू कागद लिहायचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आणि बरोबर समोरच्या घरात मास्तर राहायचे, एकटेच. त्यांचं खरं नाव यशवंतराव, पण त्या नावानं त्यांना फक्त पोस्टमन ओळखायचा. शाळेत चित्रकला आणि हस्ताक्षर शिकवायचे. त्याच्या आधी, तरुणपणी, ते कापसाच्या एका पेढीवर कारकून होते. पेढीनं त्यांना जपानात कोबे बंदरावर पाठवलं, आणि तिथं ते सात वर्षं राहून आले. सात वर्षांत पैसाअडका काही गाठीला लागला नाही. सवयी तेवढ्या लागल्या.

सवयी तरी कसल्या! चहात दूध नाही. आत्याबाईंना वाटायचं, बिचाऱ्याला दुधाचा रतीब परवडत नाही. म्हणून त्यांनी एकदा पावशेर दूध पाठवलं, तर मास्तरांनी त्याची खीर करून वाटी परत पाठवली. पोस्टमननं पत्र दिलं की कमरेतून वाकायचे. पोस्टमनही मग नाइलाजानं वाकायचा. दोघं असे वाकलेले असताना गल्लीतली पोट्टी फिदीफिदी हसायची. वहाणा काढल्या की टाचा उंबऱ्याकडं आणि अंगठे रस्त्याकडं करून ठेवायचे. मी म्हणलं, "मास्तर, आल्या-आल्याच जायची घाई?" तर म्हणाले, "सूनबाई, माणसानं निघायच्या तयारीत असावं." हे बोलणारा माणूस शाळा आणि भाजी सोडून कुठंही जात नव्हता. काशीचं राहू दे, त्यांनी कधी गोलकोंडाही बघितला नव्हता.

आणखी एक सवय होती. दार ते कधी पुरतं उघडायचे नाहीत. दोन फळ्यांचं, सागवानी, जड दार. त्यातली एकच फळी हातभर उघडायची, आडवं होऊन आत शिरायचं आणि लगेच कडी. घरात पोपट मोकळा सोडला असावा, अशी सगळी लगबग. पोपट नव्हता. मी विचारलं होतं आत्याबाईंना. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बायको गेल्यापासून असंच करायलेत. तू नको तिकडं लक्ष देऊ."

बायकोचं नाव इंदिरा. मी यायच्या तीन वर्षं आधी ती विषमज्वरानं गेली. मी तिला पाहिलं नाही, पण आत्याबाईंनी पाहिलं होतं. लहानखुरी, माझ्याएवढ्याच उंचीची, केस मात्र भरपूर. मास्तर कोबेला होते ती सातही वर्षं ती सासऱ्यांजवळ ह्याच घरात होती. दर पत्रात ते लिहायचे, पुढच्या वर्षी तुला नेतो. परत आल्यावर तीन वर्षं संसार झाला. त्यात कधी वरचा आवाज नाही की वाकडा शब्द नाही. पण बाहेर काढलं म्हणाल, तर नाही. "शहर चांगलं नाही," म्हणायचे, "तुला काय हवं ते मी आणून देतो." आणायचेही. बांगड्या, गजरा, लाडबाजारातली सुरमेदाणीसुद्धा. ती फक्त दारापर्यंत यायची आणि फळीआडून आत्याबाईंशी बोलायची.

तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. आत्याबाई हे सांगायच्या तेव्हा आवाज आपोआप खाली यायचा. कावळे झाडावर बसून होते, खाली एक उतरेना. दीर म्हणाला, वहिनी, दादाचं मी बघतो. नणंद म्हणाली, तुझी लुगडी मी जपून ठेवते. कुणी म्हणालं, काशीला अस्थी नेऊ. एकेकानं आपापल्या परीनं कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनीच दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी जेवायला उठली. "काय राहिलं होतं तिचं, कुणाला कळलंच नाही," असं म्हणून आत्याबाई सूप पाखडायला लागायच्या.

तर असे मास्तर. सकाळी शाळेला जायच्या आधी आणि दुपारी आल्यावर ते दारासमोरच्या शहाबादी फरशीवर बसायचे. जवळ पाण्याची वाटी आणि कोबेहून आणलेला जाड कुंचला. शाई नाही, नुसतं पाणी. त्या काळसर फरशीवर चिनी-जपानी अक्षरं काढायची, ती वाळली की दुसरी. एकेक अक्षर उमटायचं, चकाकायचं आणि कडेकडेनं नाहीसं व्हायचं. उन्हाळ्यात तर शेवटचा फटकारा होईपर्यंत पहिला गेलेला असायचा. मी म्हणायची, "एवढी मेहनत आणि शेवटी फरशी कोरडी ती कोरडीच." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "फरशीला कळलं तेवढं बस झालं."

दुपारी आम्ही दोघी-चौघी कामं घेऊन आमच्या ओट्यावर बसायचो, तेव्हा ते अर्थ सांगायचे. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विसावा. दोन झाडं म्हणजे रान. एकदा त्यांनी वर छप्पर काढलं आणि खाली काहीतरी वळणदार काढून मांडी घालून बसवलं. म्हणाले, "ही बाई. छपराखाली बाई आली की त्याचा अर्थ शांती."

"शांती कुणाला?" मी विचारलं. "बाईला की छपराला?"

आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मास्तर हसले नाहीत. फरशीकडं बघत राहिले, अक्षर वाळेपर्यंत. मग म्हणाले, "हे मी कधी कुणाला विचारलं नाही." त्या दिवसापासून मी त्यांच्यावर धुमसायला लागले. खरं तर त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नव्हतं.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं ते भीतीतच. खेड्यांतून बातम्या यायच्या. कुणाचं घर जाळलं, कुणाला मोटारीतून नेलं आणि तो परत आला नाही. आपल्या शहरात हत्यारबंद टोळ्या दिवसाढवळ्या मिरवायच्या. अर्धी गल्ली सोलापूर-बार्शीकडं निघून गेली. आत्याबाईंना दम्यानं धरलेलं, म्हणून आम्ही राहिलो. मास्तरांना त्यांच्या भावाची तीन पत्रं आली, निघून ये म्हणून. त्यांनी उत्तर पाठवलं, घरात माणूस आहे, येता येत नाही. पोस्टमननं ते उघडं कार्ड वाचलं आणि सगळ्या गल्लीला सांगितलं. आम्हाला वाटलं, भीतीनं मास्तरांचं डोकं फिरलं.

त्याच दिवसांत ते अक्षर निघालं. ओट्यावर बायकांची एकच कुजबुज चालायची, की इतकी माणसं अग्नी नाही, पाणी नाही अशी मेली, ती जातील कुठं? दारोदार येणारच. कुणी तिन्हीसांजेला हाक ऐकली होती, कुणी भर दुपारी कडी वाजलेली ऐकली होती. मास्तर फरशीवर बसले होते. ते म्हणाले, "माणूस मेला की भूत होतो, हे आपण म्हणतो. चिनी लोक त्यापुढं जातात. ते म्हणतात, भूतही मरतं."

"भूत कसं मरंल?" आत्याबाई म्हणाल्या. "मेलेलं पुन्हा मरतंय व्हय!"

"मरतं. आणि मेलेल्या भुताचं जे होतं, त्याला आपल्याकडं शब्द नाही. त्यांच्याकडं आहे. माणूस जितका भुताला भितो, तितकं भूत ह्याला भितं." असं म्हणून त्यांनी कुंचला बुडवला. आधी तीन थेंब पाण्याचे. शेजारी गाडी. गाडीच्या बाजूला कुऱ्हाड. आणि हे सगळं डोक्यावर घेतलेला, खाली एकटा, एक कान. वीस फटकारे मी मोजले. एवढं ओझं घेऊन तो कान खाली काय ऐकत असेल, असं माझ्या मनात आलं.

मग त्यांनी त्याची कुळकथा सांगितली. फार पूर्वी चीनमध्ये एक माणूस भुतं घालवण्यात पटाईत होता. कुणी तरी म्हणालं, त्याच्यापुढं कुणी नाही. तेवढं ऐकून लोक दारावर त्याचं नाव लिहायला लागले, नुसत्या नावानं भुतं पळतील म्हणून. नावाच्या शेवटी 'बस, हाच' अशा अर्थाचं एक लहान अक्षर असायचं, तेच हे खालचं कानाचं. लिहिता-लिहिता दोन्ही अक्षरं एकमेकांवर चढली आणि त्यांचं एक झालं. पुढं तो माणूस कोण हे लोक विसरले, आणि त्याचंच नाव मेलेल्या भुताचं नाव होऊन बसलं. "पंडितांचं ह्यावर एकमत नाही," मास्तर म्हणाले. "आणि जपानातल्या मठांत जुन्या पोथ्यांमध्ये हेच अक्षर नुसतं 'मग? पुढं?' असं विचारायला येतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं कोबेच्या एका चिनी औषधवाल्याच्या दारावर. माझी म्हातारी घरमालकीण त्या दारावरून जाताना किमोनोचा घोळ सावरायची."

एव्हाना फरशी कोरडी झाली होती. पण बायकांनी ते सोडलं नाही. आमच्या दारावर लिहून द्या, हा एकच धोशा. मास्तर नको नको म्हणाले. "हे दारावर ठेवायचं म्हणजे विचार करावा लागतो. कोण यायचं थांबेल, ते मग आपल्या हातात राहत नाही." गल्लीच्या टोकाला टांगेवाल्या हमीदभाईची आई राहायची, तिला सगळे अम्मा म्हणायचे. ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "मास्टरसाब, हमारे दरवाजे पे बी लिख दो. मुर्दे हिंदू-मुसलमान नै देखते." मग त्यांचा इलाज चालला नाही. काजळाची शाई करून त्यांनी कागदांवर ते अक्षर लिहिलं, आणि बायकांनी खळ लावून दारांवर चिकटवलं. आमच्या दारावर ते गणपतीच्या खाली आणि शुभ-लाभाच्या मध्ये बसलं. एकीनं उलटं चिकटवलं होतं, ते मास्तरांनी दुसऱ्या दिवशी गुपचूप सुलटं केलं. स्वतःच्या दारावर मात्र त्यांनी काही लावलं नाही. मला ते तेव्हाच खटकलं.

हिंदी फौज हैदराबादवर चालून आली, ॲक्शन सुरू झाली, त्या दिवशी विमानांचा आवाज आला आणि गल्लीत उरलेली माणसं ओट्यांवरून आत पळाली. आमच्या ह्यांनी ठरवलं, सगळ्यांनी एकाच घरात राहायचं. सगळ्यांत भक्कम दार मास्तरांचं. आम्ही तिघं, अम्मा आणि मागच्या घरातलं एक म्हातारं जोडपं, असे गाठोडी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो. हमीदभाई टांगा घेऊन नामपल्लीकडं गेला होता, तो तिकडंच अडकला होता. मास्तरांनी फळी उघडली. हातभरच. आम्हाला एकेक करून आत घेतलं आणि दर माणसामागं कडी लावली. कडी, माणूस, कडी. आत्याबाई दम्यानं कासावीस झालेल्या, आणि हा माणूस कडी लावतोय. माझा जीव चडफडला.

मी शेवटी शिरले. त्यांनी कडी घातली, आणि मी वळून बघितलं तर दाराच्या आतल्या अंगाला ते अक्षर.

कागदावर नव्हे, लाकडावरच. शाई जुनी, तेलात कालवलेली, लाकडात मुरलेली. पाण्याचे तीन थेंब, गाडी, कुऱ्हाड, कान. म्हणलं, मास्तरांचं चुकलंच की. "मास्तर, हे आतून कसं काय? बाहेरून हवं ना?" ते म्हणाले, "हौ, बाहेरून लिहितात," आणि कंदिलाची काच पुसायला गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते मी कुणाला नीट सांगू शकले नाही. बाहेर सगळं चिडीचूप. रेडिओ एकाकडंही नाही. खिडक्या बंद, आणि भर दुपारी आत तिन्हीसांजेसारखं. मास्तर आमचं मनापासून करत होते, त्यात खोट काढणार नाही. आत्याबाईंना गरम पाणी, अम्माला वेगळी चटई, नमाजाला कोपरा. पण चहाचे पेले मांडले की एक जास्त असायचा. आम्ही सात माणसं, पेले आठ. पहिल्या दिवशी मी उचलून ठेवला, तर त्यांनी तो परत मांडला. मागून कुणी यायचं असेल म्हणून, असं मी मनाला सांगितलं.

दारावर त्या अक्षराच्या खाली, कडीच्या जवळ, तेलाचा एक डाग होता. हाताच्या पंजाएवढा. माझं तोंड जसं फटकळ तसे हात स्वस्थ न बसणारे. दुसऱ्या दिवशी मी राख घेऊन तो डाग घासून काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा होता. बोट लावलं तर ओलसर. नाकाशी नेलं तर आवळ्याच्या तेलाचा वास. माझ्याखेरीज त्या घरात बायका तीनच. आत्याबाई आणि ती म्हातारी, दोघींनी आल्यापासून डोक्याला तेल लावलं नव्हतं, आणि अम्माच्या डोक्यावर ओढणी. माझी तेलाची कुपी तर आमच्याच घरी राहिली होती. मी पुन्हा घासला. चौथ्या दिवशी तो पुन्हा तिथंच.

मग मी एक गोष्ट केली, आणि ती केली नसती तर बरं झालं असतं असं आजही वाटतं. मी त्या दाराला टेकून उभी राहिले. डाग बरोबर माझ्या डोक्याशी आला. तिथं डोकं टेकलं की कान फटीशी येतो आणि गल्लीतलं सगळं ऐकू येतं. पलीकडचा नळ, कुत्रं, लांबून कुणाची पावलं. मी लग्न होऊन आले तेव्हा महिनोन् महिने आमच्या दाराशी अशीच उभी राहायची. आत्याबाई म्हणायच्या, "काय करायलीस गं तिथं?" आणि मी म्हणायची, काही नाही. मी भ्याले, हो. पण भीतीपेक्षा जास्त मला रडू आलं.

अम्मानं मला हाताला धरून बसवलं. हळूच म्हणाली, "तू बी देखी ना? मैं नमाज पढ़ती, तो पीछे कोई आके खडी होती. अदब से. दरवाजे से नै हटती बिचारी." मास्तर चुलीपाशी पाठमोरे होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा हात थांबलेला मी बघितला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी गल्लीत आरडाओरडा झाला, सगळं संपलं म्हणून. आमच्या ह्यांनी आनंदानं धावत जाऊन कडी काढली आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. तर मास्तर त्या उघड्या दारात दोन्ही हात पसरून उभे! तोंड आमच्याकडं, म्हणजे घराच्या आत. पांढरेफटक पडलेले. "सावकाश, एकेक जा," म्हणत होते, आणि नजर आमच्या खांद्यांवरून मागं. बाहेरच्या लोकांना वाटलं, मास्तर घाबरले. मला तोवर सगळं कळलं होतं.

मी थांबले. बाकीचे गेल्यावर त्यांनी फळी लावली आणि उंबऱ्यावर मटकन बसले. मी सरळ विचारलं, "वहिनी आहेत ना घरात?"

त्यांनी होय म्हणून मान हलवली. "तेराव्यानंतर ती दारापाशी उभी असल्याचं मला जाणवायला लागलं, सूनबाई. आता जाणार, असं वाटलं. एवढी वर्षं मी लांब राहिलो, आणि आता ही जाणार. लोक बाहेरून लिहितात, भूत आत येऊ नये म्हणून. मी आतून लिहिलं."

"त्यांना विचारलंत?"

"बाहेर तिला कोण ओळखतं? ती कुठं जाईल एकटी?"

"हेच तर आम्हाला सगळे सांगतात, मास्तर. जिवंतपणी सांगतात तेवढं पुरेना, म्हणून तुम्ही मेल्यावरही सांगायलात!" माझा आवाज चढला होता. सासरच्या गल्लीत पहिल्यांदाच. "दहाव्याला सगळ्यांनी सगळं कबूल केलं. तुला बाहेर जाऊ देतो, असं एकजण तरी म्हणाला का? तुम्ही म्हणालात?"

मी घरी आले आणि आत्याबाईंच्या कुशीत तोंड खुपसून रडले.

मास्तरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पाणी आणि कुंचलाही बंद. पण दोन-तीन दिवसांतच पितृपंधरवडा लागला आणि गल्लीत नवाच घोळ झाला. आत्याबाईंच्या एकदम ध्यानात आलं, की आता पितर जेवायला यायचे, आणि आपण तर दारावर भुतांना पळवायचं अक्षर लावून बसलोय! "अगं, तुझे सासरे दारातून परत जातील, उपाशी!" त्यांनी स्वतः शिडीवर चढून कागद ओरबाडला. तासाभरात ओल्या फडक्यांनी सगळी गल्ली दारं पुसायला लागली. खळ पक्की बसलेली. ह्याचे आजे, तिचे सासरे, सगळ्यांच्या नावानं हाका आणि घासाघास. शहरात काय चाललंय ह्याची कुणाला शुद्ध नव्हती. अम्मानं तिचा कागद तसाच ठेवला. म्हणाली, "हमारेवाले कब्र में आराम से हय." त्या सगळ्या गोंधळात मास्तर हातभर उघडलेल्या फळीआडून बघत होते. प्रत्येक दाराकडं, एकेक करून.

अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओट्यावर आले. वहाणा न काढता खालीच उभे राहिले. नवरा असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध नवमीला करतात आणि सवाष्ण जेवू घालतात. त्यांनी इतक्या वर्षांत ते एकदाही केलं नव्हतं. घरात असलेल्या माणसाचं श्राद्ध करणार कसं? आत्याबाईंकडं बघत ते म्हणाले, "उद्या सूनबाईंना सवाष्ण म्हणून पाठवाल?" आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, येते.

स्वयंपाक त्यांनीच केला होता. खीर, वडे, आळूची भाजी, सगळं रीतसर. मला पाटावर बसवलं. समोर दुसरं पान होतं. त्यावरही सगळं वाढलं. मी जेवले, ओटी भरायला घरात दुसरी बाई नव्हती, म्हणून त्यांनीच बहिणीकडून आणवलेला हिरवा खण माझ्या ओटीत घातला, आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर पायरीवर थांबता? कुणीतरी असावं."

भर दुपारचं ऊन. मी पायरीवर उभी राहिले. आतून काथ्या घासल्याचा आवाज यायला लागला. बराच वेळ येत राहिला. मुरलेली शाई सहजासहजी निघते थोडीच. मग त्यांनी एक फळी उघडली, भिंतीला टेकेपर्यंत. मग दुसरी. हात कोपरापर्यंत काळे, धोतर भिजलेलं. दारात न थांबता ते बाजूला सरकले, घरातल्या बाईमाणसाला वाट देतात तसे, भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून.

आपल्यात निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. मास्तर अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "येते म्हणू नकोस, इंदिरे. जाते म्हण."

मला काही दिसलं नाही. मी खोटं सांगणार नाही. पण पायरी अरुंद होती, आणि मी अंग चोरून, पदर आवरून, एका कडेला झाले. का झाले, ते मला आजही माहीत नाही. कोपऱ्यावर झोपलेलं कुत्रं उठलं आणि वाटेतून बाजूला झालं.

किती वेळ गेला कोण जाणे. मास्तर डोळे मिटूनच होते. मग त्यांनी विचारलं, "सूनबाई, कुणीकडं गेली?"

माझा हात आपोआप वर झाला. "बरकतपुऱ्याकडं."

त्यांनी तसेच, न बघता, मान हलवली. गालावरून पाणी ओघळत होतं. म्हणाले, "बरं. मग आता मी त्या रस्त्याला जायचो नाही. तिला वाटायला नको, मागं आलोय म्हणून."